राणीछाप, बोडका आणि लुईस : कोकणातल्या राजमुखी रुपयांची पारख

आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी कणकवलीच्या बाजारपेठेत आणि कलमठ, जानवली, वागदे अशा भोवतालच्या गावांत ज्या घरी लक्ष्मीपूजनाचा चौरंग मांडला जातो, त्यांतल्या बऱ्याच घरांत धणे, गूळ, लाह्या आणि बत्तासे यांच्या सोबतीने एक परदेशी बाई पूजा घेते, आणि ती परकी आहे ही गोष्ट पूजा करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. तिचे नाव व्हिक्टोरिया. आमच्या घरच्या तबकातली व्हिक्टोरिया १८६२ सालची आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे हळदकुंकू तिच्या नावाच्या अक्षरांच्या खाचांत आणि पोशाखावरील वेलबुट्टीत बसून दगडासारखे घट्ट झाले आहे. उलटपक्षी गाल, भुवई, कानावरचे केस आणि मुकुटाची वरची कड ही चेहऱ्यावरची उंचावरची स्थळे इतकी गुळगुळीत झाली आहेत, की नाकाची रेघ आता डोळ्यांनी पाहण्यापेक्षा अंगठ्यानेच अधिक कळते. लहानपणी हा रुपया राखेने उजळण्याची कामगिरी माझ्याकडे असे, आणि आजी दर वेळी बजावी, "घासू नको रे, राणयेचां नाक जातला." नाणकशास्त्रावरचे ग्रंथ मी पुढे वाचले; परंतु नाण्याची झीज कोठे आधी दिसते आणि ती कोणाच्या हातून होते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आजीच्या त्या एका वाक्यात आले होते, हे समजण्यास मला बरीच वर्षे लागली.

राजमुखी युरोपीय रौप्यनाण्यांचा संग्रह आणि त्यांची प्रतवारी हा विषय वरवर पाहता लंडन, व्हिएन्ना किंवा लिस्बन येथील श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला वाटतो. वस्तुतः आपल्या या किनारपट्टीवर अशी नाणी घरोघरी आहेत. फरक इतकाच की ती मखमली पेटीत नसून देव्हाऱ्यात, पेटाऱ्याच्या तळाशी, लहान मुलाच्या कमरेच्या गोफात किंवा सोनाराच्या तागडीत आहेत. त्यामुळे प्रतवारीचा जो विलायती शिरस्ता आहे, तो येथे जसाच्या तसा लावू गेल्यास मोठी पंचाईत होते. त्या शिरस्त्यात, नाण्यावर कोणकोणते प्रसंग गुदरले नाहीत याची मोजदाद होते, आणि आमच्याकडील नाण्यावर तर सगळेच प्रसंग गुदरलेले असतात. प्रस्तुत आढाव्यात मुख्यतः या पंचाइतीचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम हे मुखवटे आले कोठून ते पाहू. चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा ही कल्पना महाराष्ट्राला युरोपीयांनी शिकविली असे नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांवर नहपानाचे मुख होते आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. जिंकलेल्या राजाच्या गालावर विजेत्याने उमटविलेली ती मुद्रा आजही स्पष्ट दिसते. परंतु पुढे सुलतानी, मोगली आणि मराठी अमदानीत, एखाद्या जहांगिराचा अपवाद वगळता, नाण्यावर चेहऱ्याऐवजी अक्षरे आली. शिवराईवर महाराजांचे नाव आहे, मुखवटा नाही. त्यामुळे फिरंग्यांची राजमुखी नाणी या बाजारात आली तेव्हा मधल्या कित्येक शतकांची सवय मोडून ती आली, आणि लोकांनी त्यांना ताबडतोब नावे ठेवली, ती चेहऱ्यावरूनच. सोन्याच्या बाबतीत हे आधीच घडून गेले होते. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटावरील उभ्या आकृतींना आपल्या बायकांनी 'पुतळी' म्हटले आणि त्यांची माळ करून गळ्यात घातली. ती माळ इतकी मराठी झाली की तिचे मूळ व्हेनिसात आहे असे सांगितल्यास ऐकणारीला सांगणाराचीच शंका येते.

दक्षिणेस, बांद्यापलीकडे, गोव्याच्या टांकसाळीत अठराव्या शतकापासून पोर्तुगालच्या राजाराण्यांची मुखे असलेले रुपये पडत होते. ते हाताने पाडलेले, ओबडधोबड, कडेने वेडेवाकडे, आणि त्यांवरील महाराजांचे ध्यान लिस्बनच्या चित्रकारापेक्षा गोव्यातील एखाद्या ठसेकाराच्या शेजाऱ्याशी अधिक जुळणारे असे. यांविषयीचा पहिला पद्धतशीर अभ्यास एका गोमंतकीयानेच केला, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांनी मुंबईत वैद्यकी करता करता इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर लिहिलेला ग्रंथ १८८० सालचा आहे, आणि आजही गोव्याच्या जुन्या नाण्यांपाशी बसावयाचे तर त्याला वळसा घालून जाता येत नाही. त्याच सुमारास गोव्याच्या नाण्याचे रूपही पालटले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याचा रुपया वजनाने आणि कसाने इंग्रजी रुपयाच्या बरोबरीस आणला गेला आणि तो इंग्रजी हिंदुस्थानच्या टांकसाळीत पाडून घेण्याचे ठरले. १८८१ आणि १८८२ या सालांचा लुईस राजाचा रुपया हे त्याचे फळ. एका बाजूस दाढीमिशा राखलेला, डावीकडे पाहणारा लुईस आणि लॅटिनमध्ये 'पोर्तुगाल व आल्गार्व्ह यांचा राजा' ही त्याची बिरुदावली. दुसऱ्या बाजूस मुकुटांकित ढाल आणि 'उमा रुपिया' ही अक्षरे. तह १८९२ साली संपला, तरी १८९५-९६ साली कार्लुस राजाचाही रुपया निघाला. आणि १९१० साली पोर्तुगालातील राजेशाही गेल्यावर १९१२ च्या रुपयावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाची प्रतीकरूप स्त्री आली. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या बाजूस जुन्या घरांतून इंग्रजी रुपयांच्या ढिगात एखादा लुईस निघतोच. दोन्ही रुपये तागडीत सारखे भरत, मग त्यांना एका थैलीत नांदण्यास अडचण ती काय असावी?

इंग्रजी रुपयाची कुळकथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातील संग्राहकाच्या हाती शंभरांतील नव्वद नाणी तिच्यातलीच येतात. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सर्व इलाख्यांना एकच रुपया लावून दिला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हेच वजन तोळ्याचे ठरले. म्हणूनच आपल्याकडे 'रुपयाभार' हे वजन झाले, वैद्याने काढ्यासाठी रुपयाभार सुंठ सांगितली, आणि व्हिक्टोरियाचा रुपया नाणे म्हणून बाद झाल्यावरही सोनाराच्या तागडीत वजन म्हणून कितीतरी वर्षे चाकरीस राहिला. त्या पहिल्या रुपयावर चौथा विल्यम आहे. त्याच्या मागून व्हिक्टोरिया आली. १८४० च्या रुपयावर ती तरुण, केसांना फीत बांधलेली आणि मुकुटहीन आहे. येथे एक गमतीची बाब अशी, की '१८४०' हे साल घातलेले रुपये पुढे वीसएक वर्षे तेच साल घालून पाडले जात होते. साल गोठवून ठेवण्याची ही सवय कंपनीला जुनी होती. बंगालात तिने सिक्का रुपयावर बादशहाच्या कारकीर्दीचे एकोणिसावे वर्ष कायम करून टाकले होते, कारण रुपयावरचे साल जुने दिसले की सराफ लोक त्यावर बट्टा कापीत. मागाहून १८६२ चा रुपया आला, मुकुट आणि भरजरी पोशाख ल्यालेल्या राणीचा, आणि त्याचेही साल १८७३ पर्यंत तेच राहिले. मुंबईच्या टांकसाळीने तारखेच्या आसपास बारीक बिंदू घालून खुणा केल्या. ते बिंदू मोजून नाणे खरोखर कोणत्या वर्षी पडले हे लावण्याचा छंद अनेक संग्राहकांना आजन्म पुरतो. मीही त्यांतलाच असल्याने यापुढे या बाबतीत मौन पाळतो.

१८७७ साली राणीची सम्राज्ञी झाली आणि रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. मग १९०३ पासून सातव्या एडवर्डचा रुपया. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. आमच्या आजीच्या तोंडी तो 'बोडको राजो' असे, आणि डोईवर काही न घेता चारचौघांत बसणारा राजा तिला शेवटपर्यंत पटला नाही. पाठोपाठ पाचवा जॉर्ज मुकुट, झगा आणि पदकांची माळ घालून आला, तो मोठा घोटाळा घेऊनच. १९११ च्या रुपयावर त्याच्या झग्यावरील हत्तीचे चित्र इतके आखूड सोंडेचे निघाले की लोकांनी त्यास डुक्कर ठरविले. मुसलमान प्रजेच्या भावना दुखावल्या, रुपया परत घेतला गेला, बहुतेक नाणी वितळविली गेली, आणि १९१२ पासून हत्तीला सोंड आणि शेपूट नीट काढून मिळाले. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट निघाली, आणि त्यानंतर चवली, पावली आणि अधेली यांचेही निकेल झाले. १९२२ नंतर जॉर्जचा रुपया पडणे थांबले. सहाव्या जॉर्जचे १९३८ आणि १९३९ सालचे रुपये जुन्या कसाचे. त्यांतला १९३९ चा दुर्मिळ. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० पासून चांदी निम्मीच राहिली, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४१ साली व्हिक्टोरियाचे रुपये चलनातून बाद झाले, पुढच्या दोन वर्षांत एडवर्डचे आणि जुन्या कसाच्या जॉर्जचेही. बाद झाले म्हणजे सरकारदरबारी बाद झाले. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी मनीऑर्डरीने धाडलेले, किंवा गणपतीला बोटीने येताना कमरेला बांधून आणलेले ते रुपये देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांवरून आत गावोगाव जाऊन बसले होते, आणि घरातल्या बाईने एकदा गाडग्यात घातलेला बंदा रुपया सरकारच्या हुकूमनाम्याने बाहेर येत नाही.

यांखेरीज दोन पाहुण्यांचा उल्लेख करतो. एक स्पॅनिश डॉलर, १७७२ पासून तिसऱ्या कार्लोसचे मुख धारण केलेला, मेक्सिकोच्या चांदीचा. तो व्यापाराबरोबर सुरतेस आणि मुंबईस येई आणि बहुधा मुशीत जाई, म्हणून आपल्याकडे विरळा. दुसरा ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा थेलर. बाई १७८० साली वारली आणि तिचा थेलर त्या वर्षाची तारीख घालून आजतागायत पडत आहे, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी दुसरे नाणे घेईनात. हा थेलर १९४०-४१ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही लाखोंनी पाडला गेला, तो पूर्व आफ्रिकेतील मोहिमेच्या खर्चासाठी. आणि त्याच मोहिमेत मराठा पलटणी केरेनच्या डोंगरांत लढल्या. लष्करातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याच्या ट्रंकेत मी असा थेलर पाहिला. २८ ग्रॅमचा तो जाडजूड तुकडा हाती येताच तळवा खाली जातो. इथिओपियातील खेडूत म्हणे तो घेताना बाईच्या छातीवरील पदकाचे नऊ मोती बोटाने मोजून घेत, आणि मोती पुरे न लागल्यास नाणे परत करीत. ही प्रतवारीच झाली, आणि तीही कागदी कोष्टकावाचून.

आता प्रतवारीकडे वळू. आपल्या भूमीत नाण्याची पारख करणारे दोन जुने अधिकारी होते. एक सराफ. तो रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके, कसोटीवर रेघ ओढी, संशय आल्यास काठाजवळ स्वतःचा बारीक शिक्का मारून ठेवी, आणि झिजलेल्यावर बट्टा कापी. 'खणखणीत', 'वटणे', 'वटाव' हे सगळे शब्द त्याच्या दुकानातून आपल्या बोलीत आले. दुसरा सरकारी खजिनदार. १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपयाने मूळ वजनाच्या शेकडा दोनांहून अधिक वजन गमावले नसेल आणि तो विद्रूप केलेला नसेल, तरच तो कायदेशीर चलन. म्हणजे १८० ग्रेनांतील ३.६ ग्रेन, आजच्या भाषेत पाव ग्रॅमहूनही किंचित कमी, एवढी झीज सरकारने चेहऱ्याला माफ केली होती. या दोघांनाही राणीच्या नाकाचे सोयरसुतक नव्हते. त्यांचा सवाल उरलेल्या चांदीचा. संग्राहकाचा सवाल याच्या बरोबर उलट, म्हणजे उरलेल्या चेहऱ्याचा. आणि पाव ग्रॅम चांदी जाण्याच्या कितीतरी आधी चेहरा जाऊ लागतो.

संग्राहकांची ही परिभाषा युरोपात निरनिराळ्या देशांनी आपापल्या भाषेत घडविली आणि ती सगळीच थोडी फसवी आहे. इंग्रजीत 'गुड' म्हणजे जवळजवळ सपाट झालेले नाणे. जर्मनांचे 'श्योन', म्हणजे 'सुंदर', हे नाणेही दिसावयास ओबडच असते. त्यावरच्या पायऱ्या 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' आणि शेवटी 'अनसर्क्युलेटेड', ज्यास आपल्याकडील विक्रेते 'यूएनसी' किंवा नुसतेच 'कडक माल' म्हणतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी एक ते सत्तर गुणांची पट्टी काढली. तिचे मूळ त्या नाण्यांच्या त्या काळच्या किमतींच्या प्रमाणात होते. किमती कधीच पालटल्या, पट्टी मात्र राहिली. १९८६-८७ पासून तिकडे मोबदला घेऊन नाण्यास गुण देणाऱ्या आणि ते प्लास्टिकच्या पेटीत बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि आता आपल्याकडील संग्राहकही व्हिक्टोरियाचे रुपये समुद्रापार पाठवून तिच्या गालास किती गुण पडले ते विचारून घेतात. या उद्योगाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. परंतु विकत घेणारा आणि विकणारा हजार मैलांवर असतील तेव्हा तिऱ्हाइताचा निवाडा उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही.

स्वतः प्रतवारी करावयाची तर उजवीकडून तिरपा प्रकाश घ्यावा, दहापट भिंग घ्यावे आणि प्रथम उंच स्थळे पाहावीत. विल्यम आणि तरुण व्हिक्टोरिया यांच्या कानावरचे केस. मुकुटवाल्या व्हिक्टोरियाची भुवई, मुकुटावरील रत्ने आणि छातीवरची वेलबुट्टी. एडवर्डच्या कानामागचे केस आणि दाढीच्या बटा. जॉर्जच्या मुकुटाची पट्टी, कान आणि झग्यावरचा तो बदनाम हत्ती. लुईसचे केस आणि मिशी. मारिया थेरेसाच्या पदकावरचे मोती. वेलबुट्टीतली प्रत्येक पाकळी सुटी दिसत असेल आणि नुसत्या टोकांवर जराशी मलूल छटा असेल तर नाणे 'एक्स्ट्रीमली फाइन'. पाकळ्या मिटून पट्टा झाला असेल, पण पट्ट्याची सीमा ठळक असेल तर 'व्हेरी फाइन'. आणि पट्टा पोशाखात मिसळून गेला, केस एका लोंब्यासारखे दिसू लागले, तर 'फाइन'. आमच्या तबकातील राणी या हिशेबाने 'फाइन'च्याही खालीच बसते.

यात नवशिक्याची ठेच ठरलेली. झीज आणि कच्चा ठसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ठसा नीट बसला नाही तर केस अस्पष्ट दिसतात, पण तेथील पृष्ठ खरखरीत असते आणि त्यावर मूळची झळाळी टिकून असते. झिजलेल्या जागी पृष्ठ मुलायम आणि मंद करडे होते. गोव्याच्या जुन्या हातपाडी रुपयांवर अर्धा चेहरा मुळातच उमटलेला नसतो. त्यांस या पट्टीवर बसविणे म्हणजे फणस मोजपट्टीने मोजण्यासारखे होय. आणि ही झळाळी म्हणजे नुसती चमक नव्हे. नाणे पाडताना दाबाखाली चांदी मध्यापासून कडेकडे सरकते आणि तिच्या सूक्ष्म रेषा पृष्ठावर राहतात; कोरे नाणे बोटांत फिरविले की त्या रेषांवरून उजेड राहाटाच्या चाकासारखा गरगरतो. खजिन्याच्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या टोच्यांनी हे चाक मोडत नाही. चिंचेने मोडते.

ते मी स्वतःच एकदा मोडले आहे. विशीत असताना मला एका नातलगाकडून १८९५ चा कार्लुस मिळाला. काळसर निळ्या पुटाखाली तो इतका सुरेख राहिला होता की तो लख्ख करून मुंबईस दाखवावयास न्यावा, अशी मला दुर्बुद्धी सुचली. रात्रभर चिंचेच्या कोळात आणि सकाळी चुलीच्या राखेत. त्या पुटास आपण मळ म्हणतो, पण ते हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन बसलेले पातळ आवरण असते आणि खालच्या पृष्ठाचे ते रक्षणच करते. मुंबईच्या व्यापाऱ्याने भिंगातून पाहिले, कार्लुसच्या गालावरील समांतर ओरखडे मला दाखविले आणि नाणे परत माझ्या तळहातावर ठेवले. तो काही बोलला नाही. विलायती कंपनीने अशा नाण्यास गुण दिलेच नसते. चिठ्ठीवर गुणांच्या जागी 'डीटेल्स' लिहून पुढे 'साफ केलेले' असा शेरा मारला असता.

ही 'डीटेल्स' नावाची अडगळीची खोली आमच्या कोकणातील नाण्यांचे हक्काचे घर आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. देव्हाऱ्यातली घासलेली, माळेतली नाके डकवलेली, गोफातली भोक पाडलेली, सराफाची शिक्का मारलेली. यांपैकी नाके काढून टाकलेले नाणे सर्वांत लबाड असते. राजाच्या डोक्याच्या वर, काठावर, सोनाराने डाक लावलेली असते. ती घासून काढली तरी दातेरी कडेचे कंगोरे तेथे बुजलेले राहतात आणि डाकेचा पिवळट डाग भिंगातून दिसतो. म्हणून रुपया हाती घेतला की चेहऱ्याआधी कड फिरवून पाहावी.

नकली मालाचीही दखल घेतली पाहिजे. ओतीव नकलेचा आवाज बद्द येतो आणि पृष्ठावर बारीक छिद्रे असतात. जर्मन सिल्व्हरची नक्कल पाण्यात पकडता येते, कारण खरा रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात तोलला असता सुमारे १.१३ ग्रॅम हलका भरतो आणि हलक्या धातूची नक्कल त्याहून अधिक. पण खऱ्या नाण्याचे साल बदलले असेल तर तागडी काय करणार? मी एकदा १९३९ चा रुपया बऱ्यापैकी दाम देऊन घेतला. घरी येऊन भिंगाखाली धरला तेव्हा शेवटच्या नवाच्या पोटाशी चांदी किंचित खरवडलेली दिसली आणि आठाचे खालचे वेटोळे सावलीसारखे मागे उभे राहिले. तो १९३८ चा होता, म्हणजे त्याच कसाचा, त्याच वजनाचा. तो मी फेकला नाही. नवख्यांना शिकविण्यासाठी त्याच्याइतका चांगला पंतोजी नाही.

कायद्याची बाब थोडक्यात. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास कलेक्टरास वर्दी देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने आहे; घराचा पाया खणताना गाडगे लागले की ही गोष्ट लोक सोईस्करपणे विसरतात. आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरील नाणे हा पुरावशेष ठरतो व तो देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि आता पाचव्या जॉर्जचे चांदीचे सगळेच रुपये त्यात आले. गुण मिळविण्यासाठी नाणी समुद्रापार धाडणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. अभ्यासकाला मात्र दूर जावयास नको. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. आणि इंग्रजी अमदानीच्या नाण्यांसाठी प्रिडमोर यांचे खंड हाताशी असले म्हणजे बिंदूंपासून टांकसाळीच्या बारीक 'बी'पर्यंत सगळा तपशील लागतो.

राहता राहिला पाऊस. आमच्याकडे जूनपासून चार महिने गादीलाही बुरशी येते, तेथे चांदीची काय कथा! जाड मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून हिरवट चिकट द्रव सुटतो आणि तो नाणे खातो. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि लोकर यांतला गंधक त्यास काळे करतो. कडक, पारदर्शक पाकीट, डब्यात ओल शोषणारी सिलिकाची पुडी, आणि बोट फक्त कडेला, एवढे पाळले की पुरे. धुवावयाचेच असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून ठेवून, न पुसता, वाळू द्यावे.

विलायती पट्टी मी टाकून दिलेली नाही. तिच्या शेजारी एक रकाना वाढविला, इतकेच. माझ्या वहीत प्रत्येक नाण्याच्या नावापुढे डाव्या रकान्यात झीज, उजव्या रकान्यात कैफियत. बट्टा कापणाऱ्या सराफाला जे नको होते आणि पेटीत बंद करणाऱ्या कंपनीला जे दोष वाटते, ते सगळे उजवीकडे जाते. गेल्या वैशाखात आचऱ्याकडील एका वृद्ध बाईंनी गळ्यातल्या माळेतला लुईस काढून मला पाहावयास दिला होता. त्याची नोंद अशी आहे : सन १८८२, वजन ११.४९, केस व मिशी सपाट, ढालीवरील किल्ले मोजता येतात, 'फाइन'. आणि उजवीकडे : नाके सासूबाईंनी लावून घेतलेले, तिघी सुनांच्या गळ्यात गेलेला, लुईस कोण हे त्यांना ठाऊक नाही, गोव्याचा राजा एवढे ठाऊक, किंमत विचारली नाही, परत दिला.